मुदत उलटल्यावर

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असताना दाराशी कुणीतरी घुटमळत असल्याचे जाणवले. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत स्टँप पेपरवरील करार होता. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत, आणि लिहिण्यापूर्वी त्यांची अनुमती घेतली आहे.) पती निवर्तल्याला चार वर्षे झालेली. सिडको भागातील घर विकून पुण्याला मुलाजवळ लहानसा फ्लॅट घ्यावा, असा बेत. गिऱ्हाईक मिळाले, वाळूजच्या एका कारखान्यातील कामगार. साठेखत झाले, दोन लाख रुपये इसार घेतला, नव्वद दिवसांची मुदत ठरली. ती मुदत संपून अकरा दिवस लोटले होते आणि गिऱ्हाइकाचे कर्ज अद्याप मंजूर झाले नव्हते. दरम्यान दुसरा एक गृहस्थ चार लाख रुपये अधिक द्यावयास तयार झाला होता.

"फादर, तारीख उलटून गेली. आता मी मोकळी ना?"

मी त्यांना बुधवारी यावयास सांगितले. एक तर मी वकील नव्हे. आणि दुसरे म्हणजे, त्यांचा प्रश्न माझ्या एका जुन्या दुखऱ्या जागेवर नेमका बसला होता. त्याविषयी पुढे लिहीन.

आपल्या शहराचा विस्तार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. चिकलठाण्याची, पाठोपाठ वाळूजची औद्योगिक वसाहत झाली, सिडकोची नगरे वसली. आता शेंद्रा-बिडकीनच्या बाजूला जमिनीचे भाव रोज नव्याने बोलले जातात. २०२३ साली शहराचे नावही बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. घर विकणे ही पूर्वी आपत्काळातील गोष्ट मानली जाई. आता ती मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील एक नेहमीची पायरी झाली आहे. साठेखत आणि खरेदीखत यांच्यामधल्या दोन-चार महिन्यांत भाव चढले, की विकणाऱ्याच्या मनात हळूच एक विचार डोकावतो : ही तारीख चुकली तर बरे.

धर्मग्रामातील एका वकील बंधूंकडून मी कायदा समजावून घेतला. बाईंना वाटत होते तितका तो सोपा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५५ असे मानते, की मुदत हाच कराराचा प्राण असेल, तर ती चुकताच दुसऱ्या पक्षाला करार मोडता येतो. तसे नसेल, तर करार जिवंत राहतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते. घरजमिनीच्या व्यवहारात मुदत हा कराराचा प्राण नसतो, असे न्यायालये सामान्यतः धरून चालतात. परंतु उभय पक्षांनी तसे स्पष्ट ठरविले असेल, किंवा व्यवहाराच्या परिस्थितीतून तसे दिसत असेल, तर तेही मान्य होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला निर्णय याविषयी नेहमी उद्धृत होतो. किंमत १,७८,००० रुपये. त्यांतील ९८,००० रुपये केवळ दहा दिवसांच्या आत द्यावयाचे, असे लेखी ठरले होते. ते दिले गेले नाहीत. न्यायालयाने विकणाऱ्याचा पक्ष उचलून धरला.

विकणाऱ्याचेही दुःख असते, हे आपण बहुधा विसरतो. थोडासा इसार टाकून घर अडवून ठेवायचे, मग चढ्या भावाने तिसरे गिऱ्हाईक शोधायचे, आणि न मिळाल्यास "बँकेचे काम चालू आहे" असे सांगत महिने काढायचे, हा उद्योग करणारे लोक आपल्या गावात थोडे नाहीत. घरमालक मात्र अडकून पडतो. त्याला दुसरीकडे घर घ्यायचे असते, मुलीचे लग्न असते, दवाखान्याचा खर्च असतो. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात ६०,००० रुपयांच्या घराचा ५,००० रुपये इसार दिलेला होता. सहा महिन्यांची मुदत होती. आणि घेणारा सुमारे अडीच वर्षे स्वस्थ बसला. न्यायालयाने म्हटले, की पक्षांनी घातलेल्या मुदतीला काहीच अर्थ नाही असे समजता येणार नाही. शहरांत भाव ज्या वेगाने चढतात, तो लक्षात घेतला पाहिजे. घेणाऱ्याला घर मिळाले नाही. हा निर्णय मला नीतिशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. क्षमाशील असावे याचा अर्थ कुणाच्याही सोयीसाठी अनिश्चित काळ ताटकळत राहावे, असा होत नाही. अशा वेळी विकणाऱ्याने लेखी नोटीस देऊन वाजवी अशी शेवटची तारीख ठरवून द्यावी आणि तीही गेली तर मोकळे व्हावे. तो त्याचा हक्क आहे, आणि त्यात पापाचा लवलेश नाही.

इसाराचे काय? तो जप्त करता येतो. पण इसार म्हणून घेतलेली रक्कम आणि किमतीपोटी घेतलेली रक्कम यांत भेद आहे. १९६३ सालच्या एका निर्णयात दिल्लीतील बंगल्याच्या सौद्यात १,००० रुपये इसार आणि पुढे २४,००० रुपये दिलेले होते. विकणाऱ्याने सगळेच पंचवीस हजार गिळावयाचे ठरविले. न्यायालयाने एक हजार ठेवू दिले. चोवीस हजारांविषयी, तुमचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले ते दाखवा, असे म्हटले. दुसऱ्याच्या चुकीवर आपण श्रीमंत व्हावयाचे नसते, एवढेच त्याचे तात्पर्य. आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या गुरूंनी ते लॅटिनमध्ये शिकविले होते.

आता कर्तव्यांची बाजू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ घर विकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी वाचावे, असे मला वाटते. घरातील आणि मालकीहक्कातील जो दोष घेणाऱ्याला सहजी दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. कागदपत्रे दाखविली पाहिजेत, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत, बोजा असेल तर तो उतरविला पाहिजे. आणि एक वाक्य असे आहे की ते वाचून मी थबकलो : करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत, सामान्य विवेकी मालक आपल्या मालमत्तेची जशी काळजी घेतो, तशी काळजी विकणाऱ्याने त्या घराची आणि त्याच्या कागदपत्रांची घेतली पाहिजे. त्याच कायद्याचे कलम ५४ सांगते, की नुसत्या साठेखताने घेणाऱ्याला घरात कसलाही मालकी हितसंबंध मिळत नाही. म्हणजे घर अजून माझेच आहे. भाडे आले तर माझे, कर भरायचा तर मी. आणि तरीही ते पूर्वीसारखे माझे राहिलेले नाही. त्या मधल्या काळात मी माझ्याच घराचा राखणदार होतो. कारभाऱ्याच्या दाखल्यांवर वर्षानुवर्षे प्रवचने केलेल्या माणसाला ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात भेटावी, याचे मला नवल वाटले.

दुसरे गिऱ्हाईकही सुरक्षित नसते. पहिल्या कराराची माहिती असून जो ते घर घेतो, त्याने ते पहिल्या घेणाऱ्याच्या हिताकरिता धारण केले आहे, असे १८८२ च्याच न्यास कायद्याचे कलम ९१ मानते. आणि पहिल्या घेणाऱ्याला दावा लावण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे असतात. तेव्हा "तारीख गेली, मी मोकळी" हे समाधान फार तर एका रात्रीची झोप देईल.

बुधवारी बाई आल्या. मी करार वाचला, मग विचारले, "कर्ज का अडले?" त्यांनी प्रथम बँकेला बोल लावला, मग घेणाऱ्याच्या आळसाला. मी पुन्हा विचारले. तेव्हा पिशवीच्या तळातून बँकेचे पत्र निघाले. घर पतीच्या नावे होते आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्राविना निधन झालेल्या पतीच्या मालमत्तेतील एक तृतीयांश पत्नीचा आणि दोन तृतीयांश मुलांचा, मुलगा-मुलगी समसमान. हे आपल्या पुष्कळ घरांत ठाऊक नसते. आई हयात आहे तोवर घर आईचे, अशीच समजूत असते. मुलाची सही झाली होती. मुलगी कुवेतला, तिने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवावयाचे होते. ते आले नव्हते. बँकेने तेच मागितले होते.

"मुलीला सांगितलं होतंत?"

बाई काही वेळ गप्प राहिल्या. "सुरुवातीला सांगितलं होतं. मग ते चार लाखवाले आले. मग मी काही आठवण केली नाही."

याच मासल्याचा एक खटला १९६४ च्या निकालपत्रांत आहे. विकणाऱ्या बाईने सरकारी परवानगी आणावयाची असे करारात ठरले होते. तिने अर्ज केला, आणि पुढे आपणच तो मागे घेतला. मग परवानगी नाही म्हणून व्यवहार होऊ शकत नाही, असा तिचा बचाव. न्यायालयाने तो मानला नाही. अर्ज पुन्हा करण्यास सांगितले. करार कायद्याचे कलम ५३ हेच तत्त्व सांगते : ज्याने अडथळा आणला, त्याला अडथळ्याचा लाभ नाही.

मला येथे एक कठीण प्रश्न टाळावयाचा नाही. भाव खरोखरच चढले असतील, तर जुन्या किमतीला बांधून ठेवणे हा विकणाऱ्यावर अन्याय नव्हे काय? संत थॉमस अक्वायनस वचनाविषयी लिहिताना मान्य करतात, की माणसांची वा गोष्टींची स्थिती बदलली तर वचन न पाळणारा दोषमुक्त होऊ शकतो. युक्तिवाद मोहक आहे. मीही एके काळी त्याचा आश्रय घेतला होता. परंतु भाव चढणे ही अशा प्रकारची बदललेली स्थिती आहे का? दोघे जण आज किंमत ठरवून तीन महिन्यांनी देणे-घेणे करावयाचे ठरवितात, ते नेमके अशासाठी, की मधल्या काळात भाव हलला तरी आपली किंमत हलू नये. भाव पडला असता तर याच बाईंनी गिऱ्हाइकाला कराराची आठवण करून दिली असती. अनिश्चितता हीच त्या कराराने दोघांत वाटून घेतलेली वस्तू आहे; ती प्रत्यक्षात आली म्हणून करार सुटत नाही. विकणारी आजारी पडली, ज्या नव्या घरात जावयाचे तेच कोसळले, तर गोष्ट वेगळी. तेथे घेणाऱ्याने माणुसकी दाखवावी. आणि ती बहुधा मागावी लागते, हक्काने मिळत नाही. पूर्वी न्यायालय विकणाऱ्यावर कोसळणाऱ्या अशा संकटाचा विचार करून करारपूर्तीचा हुकूम नाकारू शके. २०१८ च्या दुरुस्तीने तो स्वेच्छाधिकार पुष्कळच आटला आहे. करारांची विश्वासार्हता वाढली हे खरे. तथापि दयेचे ओझे आता अधिक प्रमाणात आपल्यावर, शेजाऱ्याशेजाऱ्यांवर आले आहे, असे मला वाटते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील एका फ्लॅटची हकिकत या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. करार १९६६ चा, किंमत ६०,००० रुपये. इमारत रखडली, वाद न्यायालयात गेला आणि निकाल लागला २००२ साली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ भाव वाढले म्हणून करारपूर्ती नाकारता येणार नाही. परंतु घेणाऱ्या बाईने आणखी ४० लाख रुपये द्यावेत. छत्तीस वर्षांनी न्यायाचे माप असे मधेच कुठेतरी टेकले. वचनही राहिले आणि काळाचेही काही मानले गेले. मला हा निर्णय पूर्ण पटत नाही, पण त्यावर मी नेहमी विचार करतो.

मराठीत आपण पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांना 'करार' म्हणतो, जुना आणि नवा. हाच शब्द आपण स्टँप पेपरवर लिहितो. शास्त्रात खरेदीखतेही आहेत. आब्राहामाने मकपेलाची गुहा नगराच्या वेशीत, साक्षीदारांसमक्ष, चारशे शेकेल रुपे तोलून घेतली. यिर्मयाने वेढा पडलेल्या नगरीत असताना सतरा शेकेलांचे शेत घेतले आणि खताच्या प्रती मातीच्या भांड्यात जपून ठेवविल्या. पण विकणाऱ्याच्या मुदतीविषयीचा उतारा लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तटबंदीच्या नगरातील घर विकणाऱ्याला ते एका वर्षाच्या आत सोडवून घेण्याचा हक्क असे. वर्ष उलटले की ते कायमचे घेणाऱ्याचे. आता गंमत पाहा. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात असे नोंदले आहे, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी घेणारा लपून बसे, म्हणजे विकणाऱ्याला पैसे देण्यासाठी कुणी भेटूच नये. तेव्हा येशूच्या जन्माच्या सुमारास होऊन गेलेल्या हिल्लेल या धर्मपंडिताने नियम केला : विकणाऱ्याने पैसे मंदिराच्या कोठीत टाकावेत आणि दार मोडून घरात शिरावे, घेणाऱ्याने सवडीने येऊन आपले पैसे न्यावेत.

शेवटच्या दिवशी लपून बसणे. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

२००९ साली, आईच्या निधनानंतर, आम्ही भावंडांनी तालुक्याच्या गावचे दोन खोल्यांचे घर विकावयास काढले. शेजारच्याच एका गवंड्याने ते ३,२०,००० रुपयांना घेतले. २५,००० इसार, ३१ मे ही शेवटची तारीख. मे महिन्यात रस्ता रुंद होणार अशी बातमी उठली आणि भाव बोलले जाऊ लागले. ३१ तारखेला सकाळी माझा भाऊ घराला कुलूप लावून सासुरवाडीला गेला. तो जाणार हे मला आदल्या रात्रीच ठाऊक झाले होते. गवंडी पैसे फडक्यात बांधून आमच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिला. दुपारी तीनच्या सुमारास त्याचा फोन आला, "फादर, भाऊ कुठं गेले?" मी म्हणालो, "चौकशी करतो."

दुसऱ्या दिवशी मुदत संपली होती. इसार आम्ही परत केला, अगदी पैन् पै. त्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटला. दोन महिन्यांनी घर ४,६०,००० ला गेले. गवंड्याने दावा लावला नाही. वकिलाची फी त्याला परवडणारी नव्हती. वाढीव रकमेतील माझा वाटा सुमारे ४७,००० होता. तो मी तेव्हाच्या माझ्या धर्मग्रामाच्या सभागृहाच्या रंगकामाला दिला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मी स्वतःसाठी काही ठेवले नाही, हे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. जे आपले नव्हते ते दान करण्यात औदार्य कसले, हे सेमिनरीत शिकलेल्या माणसाला कळू नये असे नव्हते.

संत थॉमस भरपाईच्या प्रकरणात सांगतात, की अन्याय करणाऱ्याबरोबरच, बोलणे कर्तव्य असताना जो गप्प राहिला तोही भरपाईस बांधलेला असतो. तेव्हा मी केवळ माझ्या वाट्यापुरता बांधलेला होतो की सगळ्याच १,४०,००० रुपयांना, यावर माझा माझ्याशी अजून वाद चालू आहे. गेल्या उपवासकाळात मी ४७,००० रुपये पाकिटात घालून त्या गावी गेलो. गवंडी आता थकला आहे. त्याने पुढे गावाबाहेर घर बांधले, स्वतःच्या हाताने. मी सर्व सांगितले. त्याने एकच विचारले, "त्या दिवशी फोन केला, तवा तुम्हाला ठाऊक व्हतं का?" मी "हो" म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत सुनेला चहा ठेवायला सांगितले. पाकीट त्याने घेतले नाही आणि परतही दिले नाही; मी निघालो तेव्हा ते कपबशीशेजारी तसेच पडलेले होते.

हे मी बाईंना बुधवारी सांगितले. सल्ला म्हणून नव्हे. त्यांनी मला मोकळी का असे विचारले होते, आणि मोकळे असणे म्हणजे काय याविषयी मला एवढेच ठाऊक होते.

त्यांनी घेणाऱ्याला पंचेचाळीस दिवसांची मुदतवाढ लेखी दिली, कारणही स्वच्छ लिहिले : विलंब आमच्याकडून झाला. मुलीचे कुलमुखत्यारपत्र यायला पाच आठवडे लागले. दुसरे गिऱ्हाईक निघून गेले. पुण्याचा फ्लॅटही गेला, कारण तिथला विकणारा थांबू शकला नाही, आणि त्याला दोष देण्याचे काही कारण नव्हते. बाई तूर्त मुलाच्या इमारतीत भाड्याने राहतात. "ते चार लाख कधी कधी आठवतात हो, फादर," असे फोनवर म्हणाल्या.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून आम्ही सगळे घरी आलो. बाईंनी किल्ल्या दिल्या, वीजबिलाची शेवटची पावती दिली. मग त्या कामगाराच्या बायकोला मागच्या न्हाणीघरात घेऊन गेल्या आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे बघ, वरच्या टाकीचा कॉक पुरता उघडायचा नाही. अर्धाच. पुरता उघडला की ही भिंत ओलावते. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."